बोगदा शाबूत, पण पान उघडेना

घाटातील रेल्वेने ज्याने प्रवास केला आहे, त्याला बोगदा म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. कॅसलरॉकहून गोव्यात उतरणारी गाडी डोंगराच्या पोटात शिरते, तेव्हा अलीकडे उभा असलेला मनुष्य तिला आत जाताना पाहतो आणि पलीकडे उभा असलेला तिला बाहेर पडताना पाहतो. मधल्या डोंगरावर गुरे चारणाऱ्यास मात्र गाडीत कोण बसले आहे आणि कोणता माल भरला आहे, याचा काही पत्ता लागत नाही. संगणकांच्या जगातही असा एक बोगदा आहे. त्यास एसएसएच बोगदा म्हणतात. घरच्या संगणकापासून दूरच्या एखाद्या विश्वासू संगणकापर्यंत तो जातो, आणि त्यातून जाणारा मजकूर सांकेतिक लिपीत गुंडाळलेला असल्यामुळे वाटेत कोणास वाचता येत नाही. ब्राउझरने, म्हणजे संकेतस्थळांची पाने दाखविणाऱ्या प्रोग्रॅमने, आपली ये-जा याच बोगद्यातून करावी अशी योजना करता येते. योजना सुटसुटीत आहे. परंतु ती बिघडली म्हणजे भल्याभल्यांची मती गुंग होते. बोगदा शाबूत दिसतो, ब्राउझर चालू असतो, आणि तरीही पान काही उघडत नाही. हा बिघाड शोधावा कसा, हा या भाषणाचा विषय होय.

विषय कोरडा वाटू नये म्हणून एक उदाहरण समोर ठेवणे बरे. समजा, एक संशोधक विद्यार्थिनी सुट्टीत बेळगावास आपल्या घरी आली आहे. तिच्या विद्यापीठाने अनेक शास्त्रीय नियतकालिकांची वर्गणी भरलेली आहे; पण ती नियतकालिके विद्यापीठाच्या जाळ्यातून आलेल्या वाचकासच पूर्ण लेख दाखवितात. घरून गेलेल्या वाचकापुढे ते लेखाचा सारांश आणि लेखाची किंमत एवढेच ठेवतात. विद्यापीठाने तिला आपल्या एका सर्व्हरवर खाते दिले आहे आणि घरून काम करण्यासाठी त्याचा उपयोग करण्यास परवानगीही दिली आहे. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण आठ दिवसांत द्यावयाचे आहे. तिने बोगदा उभारला, ब्राउझरला वाट दाखविली; पण प्रकाशकाचे पान अजून पैसेच मागते, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे पान तर मुळीच उघडत नाही. अशा वेळी मनुष्य एकामागून एक सेटिंगे बदलीत सुटतो, आणि मूळचा एक दोष होता तेथे तीन करून ठेवतो. त्यापेक्षा हा बोगदा कसा चालतो हे प्रथम समजून घेतले, तर दोष आपण होऊन सापडतो.

या बोगद्याचा जन्मच एका चोरीतून झाला. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी पाळत ठेवून पासवर्ड चोरले. त्या काळी दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी टेलनेटसारखी साधने वापरीत. त्यांत पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जात असे. उघड्या टपालकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून पाठवावा, तसाच तो प्रकार होता. तेथील तातू युलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच हे साधन लिहिले आणि १९९५ च्या जुलै महिन्यात ते सर्वांसाठी खुले केले. त्यासाठी त्यांनी २२ हा पोर्ट क्रमांक मागून घेतला. फाइली पाठविण्याच्या एफटीपीचा क्रमांक २१ आणि टेलनेटचा २३. या दोन उघड्या वाटांच्या मधोमध ही बंद वाट बसविण्यात आली. पुढे १९९९ मध्ये ओपनबीएसडी या प्रकल्पाने ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती काढली, आणि आज जगातील असंख्य सर्व्हरांवर तीच नांदत आहे.

एसएसएचचे मुख्य काम दूरच्या संगणकावर आज्ञा चालविणे हे असले, तरी त्याच बंद वाटेतून दुसऱ्या प्रोग्रॅमांची वाहतूकही नेता येते. आज्ञा देताना मोठ्या लिपीतील डी हे अक्षर आणि एक क्रमांक जोडला, की घरच्या संगणकावर त्या क्रमांकाचे एक दार उघडते. हा क्रमांक रूढीने १०८० असतो. ब्राउझरने या दाराशी जाऊन 'मला अमुक संकेतस्थळाकडे जावयाचे आहे' असे सांगावे. एसएसएचने तो निरोप बोगद्यातून पलीकडे न्यावा. आणि पलीकडच्या सर्व्हरने स्वतःच्या नावाने त्या संकेतस्थळाशी संबंध जोडावा, अशी ही व्यवस्था आहे. आपल्याकडे परगावची शेतजमीन सांभाळण्यास किंवा कचेरीतील काम करण्यास मुखत्यार नेमतात. समोरच्या अधिकाऱ्याची गाठ मुखत्याराशी पडते, मालकाशी नव्हे. संगणकाच्या भाषेत अशा मुखत्यारास प्रॉक्सी म्हणतात. प्रकाशकाच्या दाराशी विद्यार्थिनी स्वतः जात नाही. विद्यापीठाचा सर्व्हर तिच्या वतीने जातो, आणि म्हणूनच दार उघडते.

यावरून ध्यानात येईल की या साखळीत चार कड्या आहेत. पहिली, बोगदा स्वतः. दुसरी, ब्राउझर आणि बोगद्याचे अलीकडचे दार यांमधील बोलणे. तिसरी, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याचे काम. चौथी, पलीकडच्या सर्व्हरची परवानगी आणि त्याची स्वतःची वाट. दोष शोधणाऱ्याने या कड्या एकेक करून आणि याच क्रमाने तपासाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलून उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करून मगच पुढे जावे. हा नियम साधा आहे. पण घाईत असलेला मनुष्य नेमका तोच मोडतो.

पहिली कडी तपासताना बोगदा खरोखर उभा आहे काय, एवढेच पाहावयाचे असते. ब्राउझर जर 'प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारीत आहे' असा संदेश देत असेल, तर उत्तर स्पष्ट आहे: १०८० च्या दाराशी कोणी बसलेलेच नाही. एसएसएचची आज्ञा संपली असेल, खिडकी चुकून बंद झाली असेल, किंवा आज्ञेत एक क्रमांक आणि ब्राउझरमध्ये दुसराच लिहिला गेला असेल. नवख्या माणसाची येथे एक गंमतीची चूक होते. आज्ञेत एन हे अक्षर घातले असता एसएसएच दूरच्या संगणकावर कोणतीही आज्ञा न चालविता नुसती वाट धरून बसते. पासवर्ड दिल्यानंतर पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. मनुष्यास वाटते की यंत्र अडकले. तो ती खिडकी बंद करतो, आणि सुखरूप चाललेला बोगदा आपल्याच हाताने पाडतो. येथे मौन हेच यशाचे लक्षण आहे, हे विसरू नये.

दुसरा प्रकार याच्या उलट असतो. आदल्या दिवशीचा बोगदा पार्श्वभूमीत अर्धमेल्या अवस्थेत पडून राहिलेला असतो आणि १०८० चे दार त्याने अडवून धरलेले असते. नवीन आज्ञा दिली की 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज', म्हणजे जागा आधीच भरलेली आहे, अशी एक ओळ उमटते. पण एसएसएच तेवढ्यावर थांबत नाही, लॉगिन होऊन पुढचे काम चालू राहते. लॉगिन झाले म्हणजे सर्व काही झाले अशी समजूत करून घेऊन मनुष्य ब्राउझरकडे वळतो, आणि ब्राउझर मात्र जुन्या, मेलेल्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन थांबतो. यावर उपाय दोन. जुना प्रोग्रॅम शोधून बंद करावा, किंवा निराळा क्रमांक घ्यावा. 'एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर' हा पर्याय चालू ठेवल्यास दार न मिळताच एसएसएच स्वतः थांबते आणि असा भ्रम उत्पन्न होत नाही. आणखी एक गोष्ट: हे दार मुळात त्याच संगणकापुरते, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर उघडते. घरातील दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून ते सापडले नाही, तर तो दोष नसून मुद्दाम ठेवलेली खबरदारी आहे.

बोगदा उभा असल्याची खात्री झाली की दुसऱ्या कडीकडे वळावे. येथील दोष फार सामान्य आहे आणि तो भाषेचा आहे. एसएसएचच्या या दाराशी जी बोली चालते तिला सॉक्स म्हणतात. डेव्हिड कोब्लास व मिशेल कोब्लास यांनी १९९२ मध्ये ती एका निबंधातून मांडली, आणि तिची पाचवी आवृत्ती १९९६ च्या मार्च महिन्यात प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. परंतु फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता लिहिण्यास अनेक चौकटी असतात. त्यांत सर्वांत वर असते ती एचटीटीपी प्रॉक्सीची. मनुष्य स्वाभाविकपणे पहिल्याच चौकटीत १२७.०.०.१ आणि १०८० लिहून मोकळा होतो. परिणाम असा की ब्राउझर एका भाषेत बोलतो आणि दाराशी बसलेला दुसरीच भाषा जाणतो. सॉक्स बोलणारा प्रोग्रॅम पहिल्याच बाइटमध्ये आपल्या आवृत्तीचा अंक, म्हणजे ४ किंवा ५, पाठवितो. एचटीटीपी प्रॉक्सीशी बोलणारा ब्राउझर मात्र 'कनेक्ट' हा शब्द पाठवितो, आणि त्याच्या पहिल्या अक्षराचा सांकेतिक अंक ६७ असतो. एसएसएच चार किंवा पाचाची वाट पाहत असते. सदुसष्ट आलेले पाहून ती काही न बोलता दार लावून घेते. बोगदा उत्तम, पत्ता बरोबर, क्रमांक बरोबर, आणि तरीही जोडणी तुटते, तेव्हा प्रथम हीच शंका घ्यावी. वरच्या चौकटी रिकाम्या ठेवून केवळ सॉक्स होस्टच्या चौकटीत पत्ता लिहावा आणि पाचवी आवृत्ती निवडावी.

दुसऱ्या कडीचा आणखी एक दोष असा की ब्राउझर बोगद्याकडे जातच नाही. 'या संकेतस्थळांसाठी प्रॉक्सी वापरू नये' अशी एक यादी सेटिंगांत असते, आणि तीत पूर्वी कधी तरी लिहिलेले नाव तसेच राहिलेले असते. किंवा सेटिंग एका ब्राउझरमध्ये केलेले असते आणि पान दुसऱ्यातच उघडले जाते. कारण फायरफॉक्स स्वतःची निराळी सेटिंगे ठेवतो, तर क्रोम बहुधा संगणकाची सर्वसाधारण सेटिंगे पाळतो. ज्या संकेतस्थळावर आपला स्वतःचा पत्ता दिसतो असे एखादे पान उघडले की या शंकेचा निकाल लागतो. तेथे विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता दिसला तर वाहतूक बोगद्यातून चालली आहे. घरच्या जोडणीचा दिसला तर ती उघड्या रस्त्याने चालली आहे. आपल्या विद्यार्थिनीला प्रकाशकाचे पान पैसे मागत होते, त्याचे कारण हेच होते. तिने चौकटी भरल्या होत्या. पण वरचा 'मॅन्युअल' हा पर्याय निवडावयाचा राहून गेला होता. तो निवडताच लेख उघडला. मात्र ग्रंथालयाचे पान अजूनही उघडेना.

येथे तिसरी कडी येते, आणि सर्व प्रकरणात हीच कडी सर्वांत महत्त्वाची आहे. माणसे संकेतस्थळे नावाने ओळखतात. संगणक ती अंकांच्या पत्त्याने ओळखतात. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली. तिला डीएनएस म्हणतात. आता प्रश्न असा की बोगद्यातून जाताना हा पत्ता विचारावयाचा कोणी? घरच्या संगणकाने आधी पत्ता विचारून घेऊन मग बोगद्यात अंक पाठवावा, की नुसते नाव बोगद्यात टाकून पलीकडच्या सर्व्हरला पत्ता शोधावयास सांगावे? सॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत पहिल्या मार्गावाचून गत्यंतर नव्हते. पुढे तीत दुरुस्ती झाली आणि पाचव्या आवृत्तीत दोन्ही मार्ग खुले झाले. परंतु खुले असणे निराळे आणि वापरणे निराळे. फायरफॉक्समध्ये 'सॉक्स पाच वापरताना डीएनएसही प्रॉक्सीतून न्यावे' अशा अर्थाचा एक पर्याय आहे. अनेक वर्षे तो आपोआप चालू नसे, वापरणाऱ्याने स्वतः खूण करावी लागे.

ही खूण राहिली तर दोन अनर्थ होतात. पहिला उघड असतो. विद्यापीठाच्या अंतर्गत संगणकांची नावे विद्यापीठातील डीएनएसलाच ठाऊक असतात. बेळगावच्या घरातून ती विचारली तर 'असे नावच नाही' हे उत्तर मिळते. म्हणून प्रकाशकाचे जगजाहीर नाव सापडते आणि ग्रंथालयाचे अंतर्गत नाव सापडत नाही. काही पाने उघडतात आणि काही उघडत नाहीत, आणि न उघडणारी नेमकी आतली असतात, हे या दोषाचे ठळक चिन्ह होय.

दुसरा अनर्थ मात्र दिसत नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. पाने बोगद्यातून येतात. पण कोणकोणती पाने पाहिली त्यांची नावे घरच्या जोडणीवरून उघड विचारली जातात. गाडी बोगद्यातून गेली खरी. परंतु प्रवाशांची यादी स्टेशनच्या फळ्यावर लावून गेली, असा हा प्रकार आहे. ज्याला केवळ नियतकालिक वाचावयाचे आहे त्याचे यात फारसे बिघडत नाही. पण एखादा मनुष्य प्रवासात, परक्या वायफायवरून, आपल्या आजाराविषयी किंवा कायदेशीर अडचणीविषयी माहिती वाचीत असेल आणि आपण बंद वाटेने चाललो आहोत असे समजत असेल, तर त्याची ती समजूत चुकीची ठरते. बिघाड झाला तर मनुष्य निदान सावध होतो. येथे बिघाड नसतो, पाने सुरळीत उघडतात, आणि गुपित मात्र फुटत राहते.

या कडीची परीक्षा घेण्यास कर्ल नावाचे एक छोटे साधन फार उपयोगी पडते. त्यास सॉक्समधून जाण्याच्या दोन निरनिराळ्या आज्ञा देता येतात. 'सॉक्स फाइव्ह' अशी आज्ञा दिली तर ते पत्ता घरीच शोधते; 'सॉक्स फाइव्ह होस्टनेम' अशी दिली तर नाव पलीकडे पाठविते. एकच पान दोन्ही रीतींनी मागून पाहावे. पहिली रीत फसली आणि दुसरी साधली, तर दोष नावाच्या शोधात आहे. दोन्ही साधल्या आणि ब्राउझर मात्र अडखळतो, तर दोष ब्राउझरच्या सेटिंगांत आहे. दोन्ही फसल्या, तर घरातील शोध थांबवून पलीकडे पाहावे. दोन आज्ञांत सारे क्षेत्र असे विभागले जाते. अर्धा दिवस सेटिंगांशी झुंजण्यापेक्षा हे केव्हाही श्रेयस्कर.

चौथी कडी पलीकडच्या सर्व्हरची. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ब्राउझरने अमुक ठिकाणी जावयाचे आहे असे म्हणताच ओपनएसएसएच त्याला ताबडतोब 'ठीक आहे' असे कळविते, आणि मग पलीकडच्या सर्व्हरला विचारावयास जाते. पलीकडून नकार आला तर ब्राउझरला त्याचे कारण कळविण्याची वेळ निघून गेलेली असते. जोडणी नुसती तुटते. म्हणून ब्राउझरच्या पडद्यावर या दोषाचे खरे कारण कधीच दिसत नाही. ते दिसते एसएसएचच्या त्या काळ्या खिडकीत, जिच्याकडे कोणी पाहत नाही. तेथे 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड' असे शब्द असले तर सर्व्हरच्या व्यवस्थापकाने अशी वाहतूक बंद ठेवली आहे असे समजावे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असले तर सर्व्हर तयार आहे, पण पुढच्या संकेतस्थळाने दार लावले आहे. 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' असले तर त्या सर्व्हरलाही ते नाव सापडत नाही. खिडकीत काहीच दिसत नसेल तर आज्ञेत लहान लिपीतील व्ही हे अक्षर घालून पुन्हा सुरू करावे. मग एसएसएच आपले प्रत्येक पाऊल बोलून दाखविते.

व्यवस्थापकाने वाहतूक बंद ठेवली असेल, तर त्यावर तांत्रिक उपाय शोधीत बसू नये. सर्व्हर ज्याचा, त्याचा अधिकार. त्याच्या नावाने बाहेर गेलेल्या प्रत्येक विनंतीची जबाबदारी त्याच्यावर येते; मुखत्याराने केलेल्या व्यवहाराचा जाब जसा प्रथम मुखत्यारास विचारतात, तसेच हे आहे. विनंतीअर्ज करावा आणि परवानगी मिळवावी, हाच तेथे उपाय. कचेरीच्या जाळ्यातील बंधने चुकविण्यासाठी बोगदा खणणे आणि परवानगीने घरून काम करणे, या दोन गोष्टी यंत्राला सारख्याच दिसतात; माणसाने त्या सारख्या मानू नयेत.

चारही कड्या शाबूत असूनही काही तक्रारी राहतात. बोगदा चालतो, पण चहा पिऊन परत यावे तो मेलेला असतो. कारण असे की घरातील राउटर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो आणि बराच वेळ काही हालचाल दिसली नाही, तर ती नोंद पुसून टाकतो. दोन्ही टोकांस जोडणी जिवंत आहे असेच वाटत असते. मधला पूल मात्र काढून घेतलेला असतो. 'सर्व्हर अलाइव्ह इंटर्व्हल' हा पर्याय मुळात शून्य, म्हणजे बंद असतो. तो ६० केला की दुसरी वाहतूक नसतानाही एसएसएच दर मिनिटास पलीकडे 'आहात ना?' असे विचारते. त्यामुळे नोंद पुसली जात नाही. आणि लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही, तर ती जोडणी मृत समजून बंद करते. मेलेल्या बोगद्याच्या तोंडाशी तिष्ठत बसण्याची पाळी येत नाही.

कधी लहान पाने उघडतात आणि मोठी अर्ध्यावर अडकतात, किंवा लॉगिनच्या वेळी किल्ल्यांची देवाणघेवाण चालू असतानाच सारे थिजते. तेव्हा पाकिटांच्या आकाराची शंका घ्यावी. साध्या इथरनेटवर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते; वाटेत एखादा रस्ता त्याहून अरुंद असला, तर 'पाकीट लहान करा' असा निरोप परत यावयास हवा. मधल्या एखाद्या पहाऱ्याने असे निरोपच अडविले, तर लहान पाकिटे जातात आणि मोठी निमूटपणे नाहीशी होतात. आपल्या संगणकाची मर्यादा प्रयोगादाखल १४०० वर आणून पाहावी. अडलेले काम चालू झाले तर निदान बरोबर ठरले.

चित्रफिती मंद चालतात, ही तक्रार निराळ्या जातीची आहे. ब्राउझरच्या साऱ्या जोडण्या येथे एकाच जोडणीतून जातात. वाटेत एक पाकीट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागचे सर्व खोळंबतात. शिवाय ओपनएसएसएचचा हा बोगदा टीसीपी प्रकारचीच वाहतूक नेतो, यूडीपी प्रकारची नेत नाही. २०२१ मध्ये प्रमाण ठरलेली क्विक ही जलद पद्धती यूडीपीवर चालते. तेव्हा ब्राउझरला तिचा लाभ सोडून जुन्या रीतीने जावे लागते. हा दोष नव्हे, मर्यादा आहे; ती दुरुस्त करण्याच्या मागे लागू नये.

एक इशारा मात्र कधीही दृष्टीआड करू नये. सर्व्हरची ओळखीची किल्ली बदलली आहे, असा मोठ्या अक्षरांतील संदेश एसएसएचने दाखविला, तर घाईत जुनी नोंद पुसून पुढे जाण्याचा मोह होतो. सर्व्हर नव्याने उभारला असेल, तर त्यात काही वावगे नाही. पण आपल्या आणि सर्व्हरच्या मध्ये दुसराच कोणी त्याचे सोंग घेऊन उभा असेल, तरीही संदेश हाच येतो. व्यवस्थापकाला दूरध्वनी करून नव्या किल्लीचा ठसा पडताळून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. पासवर्ड अशा सोंगाड्याच्या हाती पडू नये म्हणूनच हा इशारा योजलेला आहे.

शेवटी बोगद्याची हद्द ओळखली पाहिजे. तो घरापासून सर्व्हरपर्यंतच आहे. त्यापुढचा प्रवास उघड्यावर होतो. संकेतस्थळाची स्वतःची सांकेतिक जोडणी असेल तर मजकूर पुढेही झाकलेला राहतो; नसेल तर सर्व्हरपुढच्या वाटेवर तो वाचता येतो. कोणत्या संकेतस्थळाशी संबंध जोडला हे तर सर्व्हरच्या चालकास केव्हाही कळू शकते. म्हणून ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याच अंगणात बोगद्याचे दुसरे तोंड असावे.

त्या विद्यार्थिनीने डीएनएसच्या पर्यायावर खूण केली आणि ग्रंथालयाचे पान उघडले. लागलेला वेळ पाच मिनिटांचा. त्यापूर्वीच्या तीन रात्री सेटिंगे उलटीसुलटी करण्यात गेल्या होत्या. त्या तीन रात्रींत तिने पाहिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे नाव घरच्या जोडणीवरून उघड विचारले जात होते, हेही तिला त्याच वेळी उमगले. पान उघडणे आणि वाट सुरक्षित असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणून दुसरी साधली असे होत नाही. बोगदा उभारणाऱ्याने दोन्हींची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी, आणि मगच निर्धास्तपणे आपल्या कामास लागावे.